चार वेळा भरूनही गाय राहत नाही : विकण्याआधी एवढं तपासा

काटोल तालुक्यातल्या एका भाऊंनी विचारलंय, ते थोडक्यात असं. जर्सी संकरित गाय, दुसरं वेत, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात व्यायली, कालवड झाली. दोन्ही वेळचं मिळून बारा लिटर दूध आहे. मार्चच्या शेवटापासून जूनच्या सुरुवातीपर्यंत चार वेळा कृत्रिम रेतन झालं आणि दर वीस-बावीस दिवसांनी गाय उलटली, म्हणजे पुन्हा माजावर आली. सकाळी दूध काढताना सोट (माजाचा चिकट स्राव) लटकलेला दिसला की ते फोन करतात, दुपारी बारा-एकपर्यंत डॉक्टर येऊन भरून जातात. चारपैकी दोन वेळा भरल्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी शेपटाला रक्त लागलेलं दिसलं. आई म्हणते, ‘तिला पाळी आली, म्हणजे राहिली नाही.’ व्यापारी दारात येऊन भाव करून गेलाय. गाय विकावी का? आणि जाता जाता हेही विचारलंय, की शेजाऱ्यांची म्हैस उन्हाळाभर माजावरच आली नाही, ती कशानं?

भाऊ, गाय आत्ता विकू नका. तुम्ही जेवढं लिहिलंय त्यावरून तरी ती वांझ आहे असं मला वाटत नाही. नागपूर जिल्ह्यात गोठ्यागोठ्यांवर फिरून गाई तपासण्यातच माझी बरीच वर्षं गेली आहेत, त्या अनुभवावरून सांगते. मात्र प्रत्यक्ष हात घालून तपासल्याशिवाय शेवटचं कुणीच सांगू शकत नाही, हे आधीच स्पष्ट केलेलं बरं. पिशवीत, म्हणजे गर्भाशयात, पू आहे का, अंडाशयावर गळू आहे का, मागच्या वेताला वार (वासरानंतर पडणारी झिल्ली) अडकली होती का, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर बरंच काही अवलंबून आहे आणि तुमच्या मजकुरात ती उत्तरं नाहीत.

‘गाय राहत नाही’ ही तक्रार ऐकायला एकच वाटते, पण तिच्या पोटात निरनिराळ्या अडचणी असतात. स्त्रीबीज सुटतच नसेल, सुटत असेल पण त्या वेळी जिवंत शुक्राणू तिथे नसतील, दोघांची गाठ पडून गर्भ धरला असेल पण पहिल्या पंधरवड्यातच मेला असेल, किंवा पिशवीतल्या संसर्गामुळे काहीच टिकत नसेल. यातल्या प्रत्येकीचा इलाज वेगळा. त्यामुळे ‘उलटणाऱ्या गाईचं इंजेक्शन द्या’ असं कुणी म्हटलं की मी आधी तारखा विचारते.

तुमच्या तारखांतून एक चांगली बातमी निघते. वीस, एकवीस, बावीस दिवस हे अंतर अगदी नियमित आहे. गाईचं ऋतुचक्र साधारण २१ दिवसांचं, १८ ते २४ दिवसांपर्यंत मागेपुढे होतं. ते घड्याळासारखं चाललंय याचा अर्थ अंडाशय काम करतायत, स्त्रीबीज बहुधा सुटतंय आणि नंतर त्या जागी पीतपिंड, म्हणजे गर्भ टिकवणारी गाठही तयार होतेय. तोच माज दहा-बारा दिवसांनी आला असता तर एकदा माज ओळखण्यात चूक झाली किंवा अंडाशयावर गळू आहे असा संशय मी घेतला असता. तीस-पस्तीस दिवसांनी आला असता तर गर्भ राहून नंतर गेला असावा असं म्हटलं असतं. बेचाळीस दिवसांनी आला तर मधला एक माज नजरेतून सुटला.

यामागचं कारण समजून घ्या, कारण ते फार सुंदर आहे. गर्भ धरला की तो पहिले चार-पाच दिवस बीजनलिकेतच असतो, मग पिशवीत उतरतो. तेराव्या दिवसानंतर तो लांब धाग्यासारखा वाढू लागतो आणि साधारण पंधराव्या ते सतराव्या दिवशी आईच्या शरीराला इंटरफेरॉन टाऊ नावाच्या प्रथिनातून निरोप देतो की मी आहे. हा निरोप वेळेत पोचला तर पिशवी पीतपिंड विरघळवणारं प्रोस्टाग्लँडिन सोडत नाही, पीतपिंड शाबूत राहतो, गाय माजावर येत नाही. निरोप आला नाही तर पीतपिंड विरघळतो आणि एकविसाव्या दिवशी गाय पुन्हा हंबरते. म्हणजे गर्भ धरलाच नसेल किंवा धरून दहाव्या दिवशी मेला असेल, दोन्ही वेळा तुम्हाला बाहेरून दिसतं ते एकच : गाय एकवीस दिवसांनी उलटली. निरोप देऊन झाल्यावर गर्भ गेला तरच उलटायला उशीर होतो.

माणसात हे काम एचसीजी नावाचं संप्रेरक करतं, आणि औषधाच्या दुकानात मिळणारी गरोदरपणाची पट्टी तेच शोधते. गाईचा गर्भ एचसीजी बनवतच नाही. ती पट्टी गाईच्या लघवीत बुडवून बघणारे लोक मला दर वर्षी भेटतात. त्यांना मी मनापासून सांगते, त्या पट्टीचे पैसे मिनरल मिक्श्चरमध्ये घाला. गाईसाठी अठ्ठावीस-तिसाव्या दिवसानंतर सोनोग्राफी किंवा दोन महिन्यांनंतर हातानं तपासणी, हे भरवशाचे मार्ग आहेत.

आता रक्ताचं. तुमच्या प्रश्नातली मला सगळ्यात मोलाची वाटलेली गोष्ट हीच.

आईंचं म्हणणं बाईच्या शरीरावरून आलंय, आणि बाईच्या बाबतीत ते बरोबरच आहे. बाईला गर्भ राहिला नाही की गर्भाशयाचं अस्तर सुटून रक्तस्राव होतो, आणि पुढचं स्त्रीबीज त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी सुटतं. गाईत उलटा क्रम आहे. माजाच्या वेळी शरीरात इस्ट्रोजेन हे संप्रेरक वाढलेलं असतं, त्यानं पिशवीच्या आतल्या बारीक रक्तवाहिन्या फुगतात. माज ओसरला, इस्ट्रोजेन उतरलं की त्यातल्या काही फुटतात आणि थोडं रक्त सोटाबरोबर बाहेर येतं. माज संपल्यावर एक ते तीन दिवसांत हे दिसतं. कालवडींमध्ये तर बहुतेकींना होतं, व्यायलेल्या गाईंत कमी. गर्भ राहिला किंवा गेला याच्याशी त्या रक्ताचा काही संबंध नाही. रक्त दिसूनही गाभण राहिलेल्या गाई मी कित्येक पाहिल्यात.

पण तेच रक्त वेळ सांगतं. गाईचा माज साधारण १२ ते १८ तास टिकतो. स्त्रीबीज माज चालू असताना सुटत नाही, माज संपल्यावर दहा-बारा तासांनी सुटतं. ते सुटल्यावर जेमतेम सहा ते बारा तास धडपणे फळण्याजोगं असतं. शुक्राणू पिशवीत पडल्यावर लगेच कामाचे नसतात; नलिकेपर्यंत पोचून तयार व्हायला त्यांना सहा-आठ तास लागतात, आणि गोठवलेल्या रेतातले शुक्राणू त्यानंतर फार तर एखादा दिवस तग धरतात. म्हणून ते स्त्रीबीजाच्या आधी तिथे जाऊन बसलेले हवेत. रक्त दिसतं ते स्त्रीबीज सुटून एखादा दिवस उलटल्यावर. आता तुमचा हिशेब मांडा : दुपारी एकला भरली, दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला रक्त. मधे सतराच तास. म्हणजे भरली तेव्हा स्त्रीबीज बहुधा आधीच सुटून गेलं होतं. त्या दोन वेळा तरी रेतन उशिरा झालं, असा माझा अंदाज आहे.

तुम्ही म्हणाल, सकाळी माज दिसला आणि दुपारी भरली, मग उशीर कसा? तर सकाळी तुम्हाला दिसला तो सोट, माजाची सुरुवात नव्हे. गाय एकटीच बांधलेली, तुम्ही दिवसभर संत्र्याच्या बागेत, आणि उन्हाळ्यात गाई माज दाखवतात त्या बहुतेक रात्री किंवा पहाटे, गारव्याला. शिवाय उन्हाच्या दिवसांत माज आखूड होतो. दहा तासांत उरकला तर तो तुमच्या दोन धारांच्या मधेच सुरू होऊन संपतो. त्यामुळे सकाळी दिसलेला माज काल दुपारचा असू शकतो, त्याच्याही आधीचा असू शकतो.

हे ओळखायची खूण सोटातच आहे. माजाच्या सुरुवातीला सोट पातळ, पाण्यासारखा असतो. भर माजात तो काचेसारखा स्वच्छ, लांब तार धरणारा, शेपटापासून खाली लोंबणारा. माज उतरताना तो घट्ट होतो, तुटतो, थोडा पांढुरका दिसतो आणि शेपटाला, पुठ्ठ्याला वाळून चिकटलेला सापडतो. वाळलेला सोट दिसला तर वेळ बरीच गेलीय असं धरा. तो बोटांत धरून ताणून बघायची सवय लावा, किळस करू नका. आणि त्यात पिवळे-पांढरे ठिपके किंवा पुवाचे धागे दिसले तर त्या माजाला गाय भरूच नका. आधी पिशवीचा इलाज. चांगल्या वळूच्या गोठवलेल्या रेताची कांडी पुवात सोडून काही होत नाही.

माजाची खरी सुरुवात कळते ती दुसऱ्या जनावराला अंगावर चढू देण्यावरून. तुमच्याकडे एकच गाय, म्हणून तुम्हाला बाकीच्या खुणांवर लक्ष ठेवावं लागेल : रवंथ कमी होणं, त्या धारेला दूध एकदम घटणं, उगाच हंबरणं, सारखी थोडी थोडी लघवी, योनीचे ओठ सुजून आतून लालसर ओले दिसणं. पहाटे एकदा, दुपारी कुणाकडून तरी एकदा आणि रात्री झोपण्याआधी बॅटरी घेऊन एकदा, असं तीनदा पंधरा-वीस मिनिटं नुसतं उभं राहून बघा. दुपारची जबाबदारी आईंवर द्या. गाय त्यांच्या नजरेखाली असते आणि बारीक खुणा त्याच टिपतात. रक्त त्यांनीच टिपलं ना?

एकदा सुरुवात सापडली की जुना नियम लावा : सकाळी माज सुरू झालेला दिसला तर त्याच दिवशी संध्याकाळी भरा, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. अमेरिकेत नेब्रास्का विद्यापीठात ट्रिम्बर्गर यांनी १९४० च्या दशकात गाईंवर वेगवेगळ्या वेळी रेतन करून हा नियम बसवला, आणि तो आजही चालतो. पण तो सुरुवात माहीत असेल तरच लागू होतो. सुरुवात ठाऊक नसेल आणि सोट वाळायला लागलेला असेल तर बारा तास थांबू नका, मिळेल तितक्या लवकर भरा. भरल्यावर बारा तासांनीही गाय माजावरच असेल तर दुसरी मात्रा द्यायला हरकत नाही.

रक्त दिसलं तर ती तारीख गोठ्याच्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवा आणि तिथून अठरा-एकोणीस दिवस पुढे मोजा. पुढचा माज त्याच सुमारास येईल. त्याच्या दोन दिवस आधीपासून पहारा सुरू.

वेळेखालोखाल तुमच्या बाबतीत मला दोषी वाटतं ते ऊन. मार्चअखेर ते जूनची सुरुवात, चारही रेतनं नागपूरच्या सगळ्यात वाईट दिवसांत झालीत. इथं मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि पत्र्याच्या गोठ्यात त्याहून जास्त होरपळ असते. संकरित गाय दिवसभर धापा टाकते, तिच्या शरीराचं तापमान एक-दीड अंशानं वर जातं. गर्भ पहिल्या दोन-तीन दिवसांत, दोन-चार पेशींचा असताना, या उष्णतेला फार नाजूक असतो. तो तिथेच थांबतो. आणि नुकसान तेवढ्यावर थांबत नाही. जे स्त्रीबीज जुलैत सुटणार आहे ते मे-जूनमध्ये अंडाशयात वाढत होतं, त्याला तेव्हाच झळ लागलेली असते. म्हणून पहिला पाऊस पडला, हवा गार झाली, तरी पुढचे दीड-दोन महिने गाई कमी राहतात.

नराचंही तसंच आहे. वृषण शरीराबाहेर लोंबतात ते उगाच नाही, त्यांना शरीरापेक्षा काही अंश कमी तापमान लागतं. वळूत एक शुक्राणू तयार व्हायला साधारण ६१ दिवस लागतात, म्हणून मे महिन्यात तापलेला गावचा वळू जुलैतही नीट फळवेल याची खात्री नसते. ‘कांडीनं राहत नाही, वळू दाखवा’ असा सल्ला तुम्हाला मिळाला असेल. वळूमुळे वेळेचा प्रश्न सुटतो हे खरं, पण त्याच्यामार्फत गावभरच्या गाईंचे रोग तुमच्या गोठ्यात येतात. मी तो सल्ला देत नाही.

याच ओघात कांडीचंही बोलते, डॉक्टरांवर आरोप म्हणून नव्हे. कांडी द्रव नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांना ठेवलेली असते. ती बाहेर काढून ३७ अंशांच्या पाण्यात अर्धा मिनिट वितळवायची, पुसायची, गनमध्ये भरून लगेच वापरायची. मे महिन्यात दुपारी एक वाजता गच्चीवरच्या टाकीचं पाणी ३७ अंश नसतं, हाताला चटका देणारं असतं. तसल्या पाण्यात वितळवलेले शुक्राणू पोळून निघतात आणि बाहेरून काही कळत नाही. म्हणून डॉक्टर येण्याआधी माठातलं पाणी आणि थोडं कोमट पाणी तयार ठेवा, वीस-तीस रुपयांचा नव्हे तर बरा थर्मामीटर गोठ्यात ठेवा, आणि रेतन शक्यतो सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर, सावलीत करून घ्या. चांगला माणूस याचा राग मानत नाही.

आता थोडं गणित, कारण चार हा आकडा मनाला फार लागतो. गाय निरोगी, माणूस चांगला, वेळ बरोबर, तरी एका रेतनाला शंभरातल्या चाळीसच गाई राहतात असं धरू. पहिल्यानंतर साठ रिकाम्या, दुसऱ्यानंतर छत्तीस, तिसऱ्यानंतर साधारण बावीस, चौथ्यानंतर तेरा. या तेरा गाईंत काहीही खोट नसते, त्यांचा फक्त नंबर लागलेला नसतो. उन्हाळ्यात तोच दर वीसवर घसरला असं धरलं तर चौथ्यानंतरही एक्केचाळीस गाई रिकाम्या राहतात. तुमची गाय त्या एक्केचाळीसांतली असायची शक्यता मला जास्त वाटते.

मग करायचं काय? आधी एक तपासणी, माजाचा दिवस सोडून. पिशवीचा आकार, तिचा कस, अंडाशयावर पीतपिंड आहे की नाही, गळू आहे का. सोनोग्राफी झाली तर उत्तम. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात सोय नसेल तर नागपूरच्या पशुवैद्यक महाविद्यालयात नेता येईल; १९५८ पासूनची संस्था आहे, गाईंचं प्रजनन हा तिथला स्वतंत्र विभाग आहे. त्यानंतरच्या माजाला सोट तपासून घ्या. सोटात पू निघाला तर कोणतं औषध चालेल ते सोटाच्या तपासणीवरून ठरवलेलं बरं. दर वेळी पिशवीत आंधळेपणानं औषध सोडायची पद्धत मला मान्य नाही. निरोगी पिशवीलाही त्यानं त्रास होतो आणि दुधात अवशेष येतात ते वेगळेच.

तोवर जुलैचे माज कोरे जाऊ द्या, फक्त लिहून ठेवा. घाई करून जुलैत राहिली तर ती एप्रिलमध्ये व्यायेल आणि पुढच्या वेताला पुन्हा भर उन्हात भरायची वेळ येईल. ऑगस्टच्या मध्यात राहिली तर गाईचे साधारण २८० दिवस धरून मेच्या शेवटी व्यायेल, आणि भरायची वेळ पावसाळ्यात येईल. काही डॉक्टर याच्याशी सहमत होणार नाहीत. एक महिना वाया का घालवायचा, असं ते म्हणतील. बारा लिटर दूध देणारी गाय रिकामी असतानाही खर्च भागवतेय, म्हणून मी थांबायला सांगते. दूध चार-पाच लिटरवर आलं असतं तर जुलैतच भरायला सांगितलं असतं.

या महिन्याभरात खाण्याकडे बघा. तुम्ही काय घालता ते लिहिलं नाही, पण आपल्या भागात उन्हाळ्यात सोयाबीनचं आणि तुरीचं कुटार, वर सरकी ढेप, एवढ्यावरच भागतं. कुटारात फॉस्फरस आणि तांबं फार कमी. व्यायल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत गाय खाते त्यापेक्षा जास्त दुधातून काढून देते, अंगचं मांस-चरबी वितळवते. मागून उभं राहून बघा : कमरेची हाडं टोकदार दिसतात का, शेपटाच्या दोन्ही बाजूंना खळगे पडलेत का? खळगे खोल असतील तर आधी ते भरायला हवेत. अशा गाईचं शरीर दूध आधी, स्वतःचा जीव नंतर आणि गर्भ सगळ्यात शेवटी, या क्रमानं चालतं. रोज ५० ग्रॅम मिनरल मिक्श्चर, थोडं मीठ, ढेपेबरोबर मक्याचा भरडा आणि शक्य तितका हिरवा चारा. जास्त वैरण पहाटे आणि रात्री टाका. पाणी दिवसभर समोर, सावलीत. जूनच्या कोरड्या उन्हात अंगावर पाणी मारून पंखा लावला तर लगेच फरक पडतो. पावसाळ्यात हवा दमट झाली की नुसत्या फवाऱ्यानं उकाडा वाढतो, तेव्हा वारा जास्त महत्त्वाचा.

सरकीबद्दल विदर्भात नेहमी विचारतात, म्हणून सांगून टाकते. कपाशीच्या बियांत गॉसिपॉल नावाचं द्रव्य असतं. ते नराच्या शुक्राणूंना मारक आहे, इतकं की चीनमध्ये १९७० च्या दशकात पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून त्याच्या चाचण्या झाल्या होत्या. मोठ्या गाईच्या पहिल्या पोटात ते बऱ्याच अंशी निष्प्रभ होतं, त्यामुळे रोज दोन-तीन किलो ढेपेची भीती बाळगू नका. वळू पाळत असाल तर मात्र त्याच्यासमोर सरकी टाकू नका.

ऑगस्टमध्येही माजाची वेळ सापडत नसेल तर वेळ ठरवून रेतन करता येतं. पहिल्या दिवशी जीएनआरएच (स्त्रीबीज सोडायला लावणारं संप्रेरक), सात दिवसांनी प्रोस्टाग्लँडिन, त्यानंतर दोन दिवसांनी पुन्हा जीएनआरएच आणि पुढे सोळा ते वीस तासांत रेतन, माज दिसो न दिसो. एकट्या गाईसाठी, शेतात राबणाऱ्या माणसासाठी ही पद्धत खरंच सोयीची आहे. इंजेक्शनं डॉक्टरांच्या हातूनच, आणि गाय गाभण नाही याची खात्री करूनच, कारण प्रोस्टाग्लँडिननं गाभण गाय गाभडते, म्हणजे गर्भ टाकते. ते औषध कातडीतूनही शरीरात शिरतं. घरात कुणी गरोदर असेल किंवा कुणाला दमा असेल तर त्यांनी त्या बाटलीला हातही लावू नये. लोक ती बाटली घरच्या फ्रीजमध्ये दुधाशेजारी ठेवतात, ते थांबवा.

कालवडच व्हावी म्हणून सेक्स्ड सिमेनचं, म्हणजे मादी वासरू देणारे शुक्राणू निवडून भरलेल्या रेताचं, विचारणार असाल तर या गाईला नको. त्या कांडीत शुक्राणू खूपच कमी असतात, उलटणाऱ्या गाईत ती वाया जाते. आणि एवढं ध्यानात असू द्या, की कालवड की गोऱ्हा हे शुक्राणूवरून ठरतं. माणसातही मुलगा की मुलगी हे पुरुषाकडूनच ठरतं. गोठ्यातलं काम झाल्यावर हात धुताना सासवा-सुना हळूच आपलं दुखणं विचारतात, तेव्हा हे मी दर वेळी सांगते. मी जनावरांची डॉक्टर आहे, बाईचा इलाज मी सांगत नाही. पण एक गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे : मूल होत नसेल तर जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचं कारण एकटं किंवा जोडीला असतंच. वीर्याची तपासणी स्वस्त, सोपी आणि बिनदुखण्याची आहे. बाईला दवाखान्यादवाखान्यांत फिरवण्याआधी ती व्हायला हवी. ताप येऊन गेला असेल तर तीन महिन्यांनी पुन्हा करावी, कारण पुरुषाचा शुक्राणू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात.

शेजाऱ्यांच्या म्हशीचं उत्तर छोटं आहे. म्हैस दिवस लहान होऊ लागले की खुलते. उन्हाळ्यात दिवस मोठा, चारा वाळलेला, अंग काळं, घाम कमी. अशा वेळी तिचं अंडाशय थंड पडतं किंवा माज आला तरी मुका, बाहेरून खुणा न दाखवता येतो. सप्टेंबरपासून ती माजावर येऊ लागेल, फेब्रुवारीपर्यंतचा काळ तिचा. तोवर डुंबायला पाणी, मिनरल मिक्श्चर आणि ती आधीच गाभण नाही ना याची एक तपासणी एवढं पुरे. माज न दाखवणाऱ्या म्हशी तपासल्यावर चार महिन्यांच्या गाभण निघालेल्याही पुष्कळ आहेत, आणि अशाच एखादीला माजाचं इंजेक्शन दिलं जातं.

ऑगस्टपासून पुढे तीन रेतनं अशी नीट वेळेवर, तपासलेल्या पिशवीत, बऱ्या अंगच्या गाईला झाली आणि तरीही ती राहिली नाही, तर मग नलिका बंद असणं, आतल्या चिकट गाठी अशी कारणं उरतात, त्यांवर खेड्यात फारसा इलाज नाही. तेव्हा विकायचा निर्णय घ्या, आणि घेणाऱ्याला खरं सांगून विका.

शेवटचं एक काम मात्र उशीर चालणार नाही असं आहे. जानेवारीत झालेली कालवड आता साडेपाच महिन्यांची झाली असेल. ब्रुसेलोसिसची लस कालवडींना चार ते आठ महिन्यांच्या वयातच देतात, आयुष्यात एकदाच, आणि २०१९ पासून केंद्राच्या रोगनियंत्रण कार्यक्रमात ती मोफत आहे. हा रोग गाईला सहाव्या महिन्यानंतर गाभडवतो आणि कच्च्या दुधातून, पडलेल्या वारेतून माणसाला लागतो, महिनोन्‌महिने ताप आणि सांधेदुखी देतो. ऑगस्ट संपायच्या आत दवाखान्यात जाऊन किंवा १९६२ या जनावरांच्या मदत क्रमांकावर फोन करून ती टोचून घ्या, आणि कानातल्या बिल्ल्याचा नंबर नोंदवला गेलाय ना तेही बघा.